जुनी गाडी घेताय? आधी ऑइलचा दिवा बघा

जुनी गाडी बघायला जाताना मी मालकाला आधीच सांगतो, इंजिन गार ठेवा. चावी फिरवली की ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी वायर काढलीय. स्टार्ट केल्यावर २-३ सेकंदांत विझावा. मग २० मिनिटं फिरवून गाडी आयडलला सोडा, म्हणजे उभी ठेवून इंजिन चालू. लुकलुकला? ऑइलचं प्रेशर कमी असू शकतं. माझ्या पहिल्या गाडीत लुकलुकायचा. ‘सेन्सर असेल’ म्हणत घाटात घातली, बेअरिंगं गेली. तो खडखडाट अजून कानात आहे.

लगेच ऑइल पंप बदलू नका. आधी डिपस्टिकने ऑइलची पातळी बघा, मग दिव्याचा प्रेशर स्विच (सेन्सर) काढून तिथे प्रेशर गेज लावा. खरंच कमी निघालं तर इंजिनखालचा ऑइल चेंबर उतरवा. पंप ऑइल ओढतो त्या जाळीवर काळा गाळ बसला असेल, तर पंप बिचारा निर्दोष असू शकतो. आणि दिवा पेटलेला असताना गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, टो करा.