सिस्टीममध्ये त्रुटी निघाली की फोटोवर काम करणाऱ्यांनी काय तयार ठेवायचं

विंडोज किंवा मॅकच्या सुरक्षेत मोठी त्रुटी सापडल्याची बातमी आली की स्टुडिओवाले, डीटीपीवाले सिस्टीमचं अपडेट मारतात आणि पुन्हा कामाला लागतात. फोटोंवर दिवसभर काम करणाऱ्यांना तेवढं पुरत नाही. का पुरत नाही, हे २००४ च्या एका प्रकरणावरून नीट कळतं.

त्या वर्षी १४ सप्टेंबरला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या जीडीआय प्लस या भागातली त्रुटी जाहीर केली. जेपेग (जेपीजी) फोटो उघडायचं काम हाच भाग करायचा. जेपेग फाइलमध्ये शेरा लिहायला एक कप्पा असतो. कप्प्याच्या सुरुवातीला दोन बाइटमध्ये त्याची लांबी लिहिलेली असते आणि त्या लांबीत हे दोन बाइटही धरलेले असतात. म्हणजे हा आकडा दोनच्या खाली जायलाच नको. कुणी मुद्दाम तिथे शून्य किंवा एक लिहिलं, तर प्रोग्राम त्यातून दोन वजा करायचा, उत्तर उणे यायचं आणि कॉम्प्युटर ते चार अब्जांच्या आसपासचा आकडा समजून तेवढा मजकूर मेमरीत भरायला घ्यायचा. मेमरीची हद्द ओलांडली की फाइलमध्ये लपवलेला कोड चालवायला वाट मोकळी. विंडोज दुरुस्त झाली तरी धोका संपला नाही, कारण या भागाची वेगळी प्रत ऑफिस आणि फोटो एडिटिंगच्या काही प्रोग्रामांनी आपापल्या फोल्डरमध्ये ठेवली होती. सिस्टीमची प्रत नवी झाली, प्रोग्रामची जुनीच राहिली.

तेव्हा आधी प्रत्येक मशीनवर चित्र उघडणारं काय काय आहे ते वहीत लिहून काढा. फोटोशॉप, कोरल, गिंप तर आलेच. पण फोटो दाखवणारा छोटा प्रोग्राम, ब्राउझर, स्कॅनरसोबत आलेलं सॉफ्टवेअर, अल्बम डिझाइनचं पॅकेज हेही लिहा. प्रत्येकापुढे व्हर्जन आणि अपडेट कुठून येतं ते मांडा. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं वाचणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, भगदाड सापडलं, तेव्हा क्रोमपासून कितीतरी प्रोग्रामांना वेगवेगळं अपडेट काढावं लागलं. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये आलेल्या गिंप २.१०.३६ मध्ये पीएसडी (फोटोशॉपची फाइल) आणि डीडीएस या प्रकारच्या चित्रफाइली वाचण्यातल्या त्रुटी दुरुस्त केल्या होत्या. यादी हाताशी असली की अशा वेळी शोधाशोध करावी लागत नाही. ज्याच्यापुढे ‘अपडेट येत नाही’ असं लिहावं लागेल, त्याच्याखाली लाल रेघ मारा. क्रॅक केलेली प्रत असेल तर ती याच रांगेत बसते, कारण अपडेट मारलं की ती बंद पडते आणि म्हणून कुणी मारतच नाही.

फाइल उघडली नाही म्हणजे आपण सुरक्षित, असं धरून चालू नका. २००५ च्या डिसेंबरात डब्ल्यूएमएफ या विंडोजच्या जुन्या प्रकारच्या चित्रांतून हल्ले सुरू झाले, तेव्हा फोल्डर नुसतं थंबनेलमध्ये पाहिलं तरी कोड चालू शकत होता. नावाला जेपीजी जोडलं तरी विंडोज आतला मजकूर पाहून ती फाइल ओळखायची. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती ५ जानेवारी २००६ ला आली. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह किंवा व्हॉट्सॲपवरून फोटो देतं, तो घ्यायला एक वेगळं मशीन ठेवा. त्यावर प्रीव्ह्यू बंद करा, रोजचं काम ॲडमिन नसलेल्या अकाउंटवर करा आणि बिलांचा हिशेब, नेट बँकिंग त्यावर मुळीच ठेवू नका. माझ्या मते एवढं एक जरी केलं तरी अर्धी काळजी मिटते.

मॅकवाल्यांनी निर्धास्त राहू नये. २० ऑगस्ट २०२५ ला ॲपलने आपल्या सिस्टीममधल्या चित्रं वाचणाऱ्या इमेजआयओ या भागातली त्रुटी बुजवली. मॅकसाठी सिक्वोया १५.६.१ हे अपडेट आलं. मुद्दाम बनवलेली चित्रफाइल वाचतानाच मेमरी बिघडत होती. ही त्रुटी निवडक माणसांवरच्या हल्ल्यात वापरली गेली असावी, असं ॲपलने म्हटलं होतं. लग्नाचे फोटो काढणारा हल्लेखोरांचं लक्ष्य नव्हता, हे खरं. पण दुरुस्ती बाहेर पडली की तिच्यावरून त्रुटी ओळखणारे इतरही असतात, म्हणून नंतरचे दिवस जास्त जपायचे.

अपडेट मारण्याआधीची तयारीही तितकीच महत्त्वाची. चालू ऑर्डरी, ब्रश, ॲक्शन, कलर प्रोफाइल आणि फॉन्ट यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मायक्रोसॉफ्टची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. बुधवारी सकाळी एका मशीनवर मारा, जुनी पीएसडी उघडा, प्लगइन चालवा, एक प्रिंट काढून रंग आधीच्या प्रिंटशी ताडून बघा. सगळं जमलं तर बाकीच्या मशीनवर घ्या. लग्नसराईत डिलिव्हरी तोंडावर आली म्हणून हे काम महिनाभर पुढे ढकलू नका. एक दिवस उशीर चालेल.

राहिलं ते कोपऱ्यातलं जुनं मशीन, ज्यावर जुन्या फॉन्टमधल्या पत्रिकांच्या फाइली उघडतात. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेटसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, पुढची हवी तर वेगळी नोंदणी लागते. त्याआधीच्या विंडोजबद्दल बोलायलाच नको. या जुन्या मशीनची लॅनची वायर काढा, बाहेरून आलेला एकही फोटो त्यावर उघडू नका आणि फावल्या वेळात त्यातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे नव्या मशीनवरही वाचता येईल अशा अक्षरांत, नेऊन ठेवा.