बाज पाळता येत नाही, घुबड बोलावता येतं: गोव्यात पॉलिहाऊस राखायची रीत

पॉलिहाऊसमधे, म्हणजे भाजीसाठी बांधलेल्या प्लास्टिकच्या घरात, रात्री काहीतरी शिरतं, रोपं खाल्ली जातात, प्लास्टिक फाटतं, असं झालं की माणूस मोबाईल उघडून शोधायला लागतो आणि समोर येतात ते अमेरिकेतल्या रॅकून नावाच्या जनावराचे व्हिडिओ, नाहीतर आयर्लंड-स्कॉटलंडमधली हातमोज्यावर शिकारी पक्षी घेऊन उडवायला शिकवणारी वर्कशॉप. बघायला दोन्ही छान. पण आपल्या सत्तरीत, सांग्यात, काणकोणात रॅकून नाही आणि ससाणा घरी ठेवायची परवानगीही नाही, म्हणून आपल्याकडे काय चालतं ते नीट लिहितोय.

आधी बाजाचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकरा, ससाणा, घार, घुबड यातलं काहीही पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे, आणि झाडावरून पडलेलं पिल्लू घरी आणून वाढवणंसुद्धा त्यातच येतं. असं पिल्लू सापडलं तर वनखात्याला फोन करायचा. बाहेरच्या देशांत शिकारी पक्षी पाळून उडवायची कला जिवंत आहे, युनेस्कोच्या यादीत २०१० साली गेलीय, विम्बल्डनच्या कोर्टांवरून कबुतरं हाकलायला रुफस नावाचा हॅरिस हॉक जातीचा शिकारी पक्षी उडवतात. पण त्यामागे रोज पक्ष्याचं वजन करणं, वजनाप्रमाणे खाणं मोजून देणं, रोज उडवणं एवढी मेहनत असते, आणि एवढं करूनही तो पक्षी माकडाला पॉलिहाऊसपासून लांब ठेवणार नाही. शिकारी पक्ष्याची खरी मदत होते ती उंदरांवर. म्हणून कामाचे दोन भाग धरा: मोठ्या जनावरांसाठी जाळी आणि दार, उंदरांसाठी घुबड. हे दोन्ही एकमेकांत मिसळलं की पैसे वाया जातात.

आता चोर कोण ते शोधा, त्याशिवाय जाळी घेऊ नका. दाराजवळ आणि बाजूच्या पट्टीत संध्याकाळी बारीक चाळलेली माती किंवा राख पसरा आणि सकाळी बघा. दिवसाढवळ्या काकडीचा एक चावा घेऊन बाकीची फेकलेली, ढोबळी मिरची उपटलेली, छताचं प्लास्टिक वरून फाटलेलं असेल तर माकडं. रात्रीचं काम, पाच बोटांचे छोटे ठसे, आणि छपरावर किंवा गडग्यावर (दगडी कुंपणावर) बिया तशाच्या तशा दिसणारी विष्ठा असेल तर उदमांजर, त्याला कुणी कांडेचोरही म्हणतात. चिकू, पपई, भेर्ली माडाची फळं हे त्याचं आवडतं, म्हणून कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, लागून पॉलिहाऊस असेल तर ते येणारच. रोपं बुंध्याशी कातरलेली, ड्रिपची नळी कुरतडलेली, कडेला बिळं असं असेल तर उंदीर किंवा घूस. मुळं उकरलेली आणि आसपास काटा पडलेला दिसला तर साळींदर. यातले दोन-तीन एकत्र असू शकतात, आमच्या भागात बहुतेक असतातच.

जाळीचं काम खालून सुरू करा. पॉलिहाऊसला बाजूने जो प्लास्टिकचा पडदा असतो त्याच्या बाहेरून जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीपर्यंत १२ मिलिमीटर भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली कडक जाळी, लावायची, त्यातून घूस किंवा मोठा उंदीर जात नाही. ती जमिनीत ३० सेंटीमीटर खाली न्यायची आणि तिथून बाहेरच्या बाजूला आणखी ३० सेंटीमीटर वळवायची, एल आकारात, कारण उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं आणि आडव्या जाळीवर येऊन थांबतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खाली जांभा कातळ लागतो आणि खणता येत नाही, तिथे जाळी जमिनीवरच बाहेर वळवून वर चिऱ्यांची एक ओळ बसवा, फटी सिमेंटने भरा. जाळी हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली, घ्या, बार्देस-साल्सेतच्या खाऱ्या हवेत साधी जाळी लवकर गंजते आणि मग हाताने तुटते.

वरची खिडकी लोक विसरतात. हवा खेळावी म्हणून छताशी जी उघडी पट्टी ठेवतो तिला फक्त ४० मेशची इन्सेक्ट नेट, म्हणजे किडे अडवणारी बारीक जाळी, असते, ती पांढऱ्या माशीला अडवायला आहे, उदमांजराच्या नखांपुढे तिचा काय टिकाव लागणार, आणि ते पाईपवरून सहज वर चढतं. म्हणून नेटच्या बाहेरच्या बाजूने २५ मिलिमीटरची वेल्डमेश फ्रेमला घट्ट बसवा, हवा फारशी अडत नाही. सैल नायलॉनची जाळी मात्र कुठेही लावू नका, हे मी जीव तोडून सांगतो, तिच्यात धामण अडकून मरते, घुबडं अडकतात, म्हणजे उंदीर खाणारेच आपण मारतो.

दार दुहेरी करा, मधे माणूस उभा राहील एवढी जागा, आणि दोन्ही दारं एकदम उघडी राहणार नाहीत असं. खाली सिमेंटचा उंबरा हवाच. दार आणि उंबरा यांच्यात अर्धा सेंटीमीटरसुद्धा फट नको, छोटा उंदीर त्याहून थोड्याच मोठ्या फटीतून आत येतो, तिथे रबराची किंवा ब्रशची पट्टी ठोका. कडीच्या बाबतीत रॅकूनवाल्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या प्राण्याचे पुढचे पंजे फार संवेदनशील असतात, साधी कडी तो चाचपडून काढतो, म्हणून तिकडे दोन हालचाली एकदम केल्याशिवाय न उघडणारी कडी वापरतात. आपल्याकडे ही कला माकडाकडे आहे. कडीच्या भोकात स्प्रिंगचा हुक अडकवला तरी काम होतं.

माकडांसाठी जाळीपेक्षा झाडाकडे बघा. पॉलिहाऊसच्या २०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदावर फणसाच्या फांदीवरून उडी पडली की कागद गेलाच. छतापासून निदान ४-५ मीटर मोकळं राहील अशा फांद्या छाटा. झाड तोडायचं असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आधी वनखात्यात विचारा. पिकलेले फणस, केळी, पपई पॉलिहाऊसजवळ लोंबत ठेवू नका, कुत्र्याचं उरलेलं जेवण, ओला कचरा उघडा टाकू नका, आणि पाहुणे आले की माकडांना बिस्किटं द्यायची हौस बंद करा. बुजगावणं, वाघाची चित्रं, पिसांचे पतंग थोडे दिवस चालतात, मग माकडं त्यांच्या शेजारी बसून खातात. सोलर कुंपण चांगलं काम करतं पण पावसात गवत वाढून तारेला लागलं की झटका मरतो, जून ते सप्टेंबर गवत कापत राहावं लागतं. घरच्या मीटरवरून थेट तारेत करंट सोडणं हा माणसं मारण्याचा प्रकार आहे, कुणी कितीही सांगितलं तरी करू नका.

सत्तरीवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. २०१५ पासून त्या भागात माकडताप आहे, तो गोचिडीतून पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, पुरायचं नाही, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचं. रानाच्या कडेला काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर अंग तपासा. माकड चावलं, ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

आता घुबड, माझा सगळ्यात आवडीचा भाग. गव्हाणी घुबड, ते पांढऱ्या बदामी तोंडाचं, मुख्यतः उंदरांवरच जगतं. हे काम एकट्याने करू नका, वाड्यावरची आठ-दहा माणसं आणि मुलं बोलवा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरातला एक रविवार ठरवा, हेच आपलं वर्कशॉप. सकाळी दोन तास नुसतं आकाश बघायचं, ब्राह्मणी घार कुठली, साधी घार कुठली, शिकरा कसा पंख मारतो आणि मग तरंगतो, सर्पगरुडाची शीळ कशी असते. पक्षी ओळखणारं कुणी जवळपास असेल तर त्याला आवर्जून आणा. मग पेटी बनवायची. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, तळ ६० बाय ४० सेंटीमीटर, तोंडाचं भोक १३ बाय १३, आणि भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत ४५ सेंटीमीटर खोली. ही खोली सोडू नका, कमी असली की पिल्लं उडता येण्याआधीच बाहेर पडतात. तळाला पाणी जायला चार-पाच बारीक भोकं, वर पुढे आलेलं उतरतं छप्पर, बाहेरून रंग, आतून काही नाही. एक बाजू साफसफाईसाठी उघडणारी ठेवा.

पेटी ४ मीटरच्या वर, लोखंडी खांबावर किंवा जुन्या गोठ्याच्या भिंतीवर लावा, तोंड पूर्वेला, म्हणजे नैऋत्येचा पाऊस आत येत नाही. खांबाला मधे पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळा, नाहीतर उदमांजर चढून अंडी खातं. माडावर बांधू नका, नारळ काढणारा पाडेली वर चढला की पक्षी बिथरतो आणि वरून झावळ पडली की पेटी फुटते. शिवाय उघड्या जागेत ३-४ मीटरचे टी आकाराचे दोन-तीन खांब रोवा, त्यावर दिवसा कोतवाल पक्षी बसतो, रात्री घुबड.

घुबडाला अपशकुनी मानणारे शेजारी असतात, त्यांना बोलावून घ्या. घुबडाने ओकलेला गोळा पाण्यात भिजवून चिमट्याने उघडून दाखवा, हातमोजे घालून. आत उंदराच्या कवट्या निघतात, मुलं त्या मोजत बसतात आणि मोठी माणसंही गप्प बघतात. मी याहून सोपं समजावणं पाहिलेलं नाही.

आणि घुबड आलं की विष बंद. ब्रोमाडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो गुंगत फिरतो, घुबड त्याला सहज पकडतं आणि तेच विष घुबडात जातं. गरज पडली तर पिंजरा लावा. पेटीत पहिल्या वर्षी कुणी नाही आलं तर हलवू नका, एक-दोन वर्षं द्या. पेटी रिकामी आहे याची खात्री झाली तरच वर्षातून एकदा आतला साठलेला थर काढा, अंडी किंवा पिल्लं दिसली तर झाकण लावून खाली उतरा. पॉलिहाऊसवर सबसिडी घ्यायची असेल तर बांधायच्या आधीच कृषी खात्याच्या झोनल ऑफिसात जा आणि अंदाजपत्रकात ही खालची वेल्डमेश बसते का ते तेव्हाच विचारून घ्या.