कपलर बसत नाही म्हणून हातोडा उचलू नका

ट्रॅक्टरच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितोय. होज (दाबाचं तेल नेणारी रबरी नळी) बदलणं, ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बसवणं तुम्हाला चार दिवसांत जमेल. मी फसलो ते वेगळ्याच ठिकाणी.

मे महिना होता. पलटी नांगर दुपारभर बांधावर उन्हात पडलेला. नांगर पलटवणारं तेल ज्या होजमधून येतं, ती ट्रॅक्टरला कपलरने, म्हणजे झटकन जोडायच्या तोंडाने जोडतात. होजकडचा नर ट्रॅक्टरकडच्या मादीत काही केल्या जाईना. मिस्त्री म्हणाले, "तोंडावर ठोक, तेल उडेल, मग बसेल." ठोकलं, तेल उडालं, कपलर बसला. संध्याकाळपासून नांगर अर्धा पलटी होऊन अडायला लागला. आम्ही तेलाला दाब देणारा पंप खोलला. ऐन नांगरटीत शेतकऱ्याचा दिवस गेला आणि पंप ठणठणीत निघाला. नराच्या तोंडातला व्हॉल्व्ह माझ्या ठोक्याने चेपला होता. तो पुरता मागे सरत नव्हता, तेलाला वाटच अपुरी पडत होती. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

नर सुटा असला की तो व्हॉल्व्ह बंद असतो. होजमध्ये कोंडलेलं तेल उन्हात तापून फुगतं, जायला जागा नसते, आणि व्हॉल्व्ह आतून दाबला जातो. म्हणून काळजी होज काढतानाच घ्यायची. नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, नांगर पलटवायचा लिव्हर दोन्हीकडे दोन-तीनदा हलवा, मगच कपलर ओढा. विसरलात तर घाबरू नका. होजवर ओलं गोणपाट टाकून थंड होऊ द्या, बहुतेकदा बसतो. नाहीच बसला, तर नांगर जमिनीवर टेकलेलाच आहे ना हे बघून, डोळ्यांवर चष्मा लावून, होजच्या दुसऱ्या टोकाचा नट फडक्याखाली किंचित सैल करा. चार थेंब आले की पुन्हा आवळा.

पंप खोलण्याआधी ट्रॅक्टरची लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) उचलून बघा. बऱ्याच ट्रॅक्टरवर लिफ्ट आणि बाहेरचे कपलर एकाच पंपावर चालतात. लिफ्ट जोरात उचलते आणि नांगरच अडतो, तर आधी कपलर तपासा. उस्ताद कितीही जुना असो, तो थेट पंपाला हात घालत असेल तर त्याला थांबवा.

होजच्या टोकाच्या, कोनावर बसणाऱ्या नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे सील कोन करतो, आटे नव्हे. टेपचे तुकडे मात्र व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

आणि चालू होजवर गळती शोधायला बोट कधीही फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातून दाबाचं तेल कातडीत घुसतं. जखम काटा टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण बोट जाऊ शकतं. त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.