विश्वाच्या आरंभाबद्दल बोलताना या चुका टाळा

विश्वाला आरंभ होता का, या प्रश्नावरच्या चर्चा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरतात: दोन वेगळी विधाने एकच समजली जातात. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, आज दिसणारे सगळे विश्व अतिशय उष्ण आणि दाट अवस्थेत होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत, थंड होत आले आहे, हे पहिले विधान; यालाच महास्फोटाचा सिद्धांत म्हणतात. त्या अवस्थेपूर्वी काहीही नव्हते आणि काळसुद्धा तिथेच सुरू झाला, हे दुसरे. पहिल्या विधानामागे जवळजवळ शंभर वर्षांची निरीक्षणे उभी आहेत. दुसरे अजून सिद्धही झालेले नाही आणि खोटेही ठरलेले नाही. हा भेद पक्का नसल्यामुळे ज्या चुका होतात, त्यांतली सर्वांत मोठी आधी घेऊ.

महास्फोट हाच आरंभ, असे धरून चालणे

दीर्घिका जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक, हे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आणि एडविन हबल यांनी १९२९ मध्ये मांडले. हे प्रसरण काळात मागे मागे मोजत नेले, तर आइन्स्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतानुसार घनता वाढत जाऊन अखेर अनंत होते. हा निष्कर्ष केवळ सोयीसाठी धरलेल्या साध्या, सर्व दिशांना सारख्या विश्वापुरता नाही, हे समजण्याची किल्ली कलकत्त्यात काम करणाऱ्या अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ मधील समीकरणाने दिली, आणि त्याच वाटेने पुढे जाऊन रॉजर पेनरोज व स्टीफन हॉकिंग यांनी १९७० मध्ये, असे टोक टळत नाही हे सांगणारे आपले प्रमेय मांडले.

इथवर वाचून अनेक जण ‘आरंभ सिद्ध झाला’ असे म्हणून मोकळे होतात. वास्तविक एखाद्या सिद्धांतातून अनंत घनता निघाली म्हणजे निसर्गात ती खरोखर होती असे ठरत नाही. तो सिद्धांत तिथे अपुरा पडतो, एवढेच ठरते. दशांश चिन्हानंतर बेचाळीस शून्ये आणि मग एक, इतक्या सेकंदांच्या आतल्या अवस्थेचा विचार करायचा तर गुरुत्वाकर्षणालाही अणूंच्या जगातले क्वांटम नियम लावावे लागतात, आणि तसा सर्वमान्य सिद्धांत अजून कोणाकडेही नाही. जे प्रस्ताव आहेत ते वेगवेगळ्या दिशांनी जातात. महाराष्ट्रात जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी यांच्या गणितात घनता एका मर्यादेपर्यंतच वाढते आणि आधीच्या आकुंचनाचे रूपांतर प्रसरणात होते, म्हणजे आपल्या ‘आरंभा’च्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे काळ आहे. जेम्स हार्टल आणि हॉकिंग यांच्या १९८३ च्या मांडणीत मात्र त्या टोकाला काळाचा नेहमीचा अर्थच उरत नाही. २००३ मधील बोर्द, गुथ आणि विलेन्किन यांचे प्रमेयही पुष्कळदा आरंभाचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. सरासरीने सतत प्रसरण पावत आलेल्या विश्वाचे वर्णन भूतकाळात अमर्याद मागे नेता येत नाही, असे ते सांगते. त्या सीमेवर काय होते, हे सांगण्याचा त्याचा दावा नाही.

रिकाम्या जागेतला स्फोट डोळ्यांसमोर आणणे

स्फोटाला केंद्र असते आणि भोवती आधीपासून जागा असते. विश्वाच्या प्रसरणात दोन्ही नाहीत, कारण इथे दीर्घिकांमधले अंतराळच ताणले जाते. म्हणूनच १३८० कोटी वर्षांच्या विश्वात सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे अंतरापर्यंतचा प्रदेश आपल्या निरीक्षणाच्या टप्प्यात येतो, यात कसलाही विरोधाभास नाही. तसेच, सगळे विश्व एका बिंदूएवढे होते हे विधानही जपून करावे, कारण लहान होता तो आज आपल्याला दिसणारा भाग; संपूर्ण विश्वाचा विस्तार केवढा आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.

‘तेव्हा पाहायला कोण होते?’ म्हणून विषय संपवणे

खगोलशास्त्राला भूतकाळ अक्षरशः पाहता येतो, कारण दूरचा प्रकाश उशिरा पोहोचतो. १९६४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना शिंगाच्या आकाराच्या मोठ्या अँटेनात सर्व दिशांनी सारखाच येणारा क्षीण गोंगाट आढळला. अँटेनात घरटे केलेली कबुतरे हटवून, त्यांची घाण साफ करूनही तो गेला नाही. तो गोंगाट म्हणजे सगळ्या आकाशातून येणारे पार्श्वभूमी प्रारण होते. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना, तापमान जवळपास ३००० केल्विनपर्यंत उतरल्यावर, मोकळे झालेले हे प्रारण आज २.७२५ केल्विनपर्यंत निवले आहे, आणि १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने त्याचा वर्णपट मोजला तेव्हा तो एकाच तापमानाच्या तप्त वस्तूच्या वर्णपटाशी विलक्षण काटेकोरपणे जुळला. त्याच्याही मागे, पहिल्या काही मिनिटांपर्यंत, हेलियम नेतो: सामान्य द्रव्याच्या वस्तुमानात त्याचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे आणि एवढा हेलियम केवळ ताऱ्यांमध्ये तयार होऊ शकत नाही.

यावर सावध वाचकाने विचारावा असा प्रश्न उरतो: आज हे प्रारण थंड आहे हे मान्य, पण पूर्वी ते खरोखर अधिक उष्ण होते, याचा पुरावा काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यात पुण्याच्या आयुका या संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि मराठी वाचकांपर्यंत ते पोहोचलेले फारसे दिसत नाही याची मला मनापासून खंत वाटते. अतिदूरच्या क्वेसारचा, म्हणजे अतिशय तेजस्वी दीर्घिकाकेंद्राचा, प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या वायूच्या ढगातून जातो आणि त्या ढगातले अणू-रेणू ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश शोषून घेतात. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंना फिरण्याच्या ठरावीक ऊर्जापातळ्या असतात. कोणत्या पातळीवर किती रेणू आहेत हे बव्हंशी भोवतीच्या प्रारणाच्या तापमानावर अवलंबून असल्यामुळे, शोषणरेषांच्या प्रमाणावरून त्या काळचे तापमान काढता येते. आयुकाचे आर. श्रीआनंद आणि त्यांचे युरोपीय सहकारी यांनी चिलीमधील महाकाय दुर्बिणीने २००८ मध्ये असा एक ढग अभ्यासला. तिथून प्रकाश निघाला तेव्हापासून विश्व सुमारे ३.४ पट प्रसरण पावले आहे, म्हणून तिथले प्रारण आजच्या ३.४ पट, म्हणजे सुमारे ९.३ केल्विन तापमानाचे असायला हवे होते. मोजमाप आले ९.१५ केल्विन, अधिक-उणे सुमारे ०.७. त्याआधी २००० मध्ये याच गटाने कार्बनच्या अणूंवरून तशाच दुसऱ्या ढगातले तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान असल्याचे दाखवले होते. सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वी विश्व अधिक उष्ण होते, हे विधान आता नुसता तर्क राहिलेले नाही.

नारळीकरांचे नाव चुकीच्या जागी वापरणे

‘नारळीकरांनी महास्फोट खोडून काढला’ असे एक बाजू म्हणते आणि ‘त्यांचा सिद्धांत चुकला, म्हणजे काम वाया गेले’ असे दुसरी. दोन्ही अन्यायकारक आहेत. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या आणि पुढे नारळीकरांनी हिरिरीने लढवलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्वाला आरंभ नव्हता, पण तपासता येतील अशी ठाम भाकिते होती. विश्व सर्व काळी सारखेच दिसायला हवे, हे त्यांतले मुख्य. रेडिओ स्रोतांची गणना आणि १९६५ मध्ये जाहीर झालेले पार्श्वभूमी प्रारण त्याच्या विरोधात गेले. १९९३ पासून हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित रूप मांडले. त्यात ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकल्यामुळे हे प्रारण निर्माण होते अशी कल्पना होती. ती बहुसंख्य शास्त्रज्ञांना पटली नाही. तरीही प्रचलित मताला प्रत्येक पायरीवर पुरावा मागणारा माणूस हवाच असतो, आणि ज्या आयुकाचे ते संस्थापक संचालक, तिथूनच वर सांगितलेली मोजमापे झाली, हे मला त्यांच्या कार्याचे मोठे यश वाटते.

आकडा जुळला म्हणजे विज्ञान जुळले, असे मानणे

ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे, असे शेजारी शेजारी ठेवून फिरणारे संदेश सर्वांनी वाचले असतील. पृथ्वीच्या वयातली अनिश्चितता सुमारे एक टक्का आहे, त्यामुळे हे आकडे मुळात जुळतच नाहीत. शिवाय त्याच कालगणनेत अहोरात्र ८६४ कोटी वर्षांचे आणि ब्रह्मदेवाचे आयुष्य ३११ लाख कोटी वर्षांचे आहे. त्यांतला सोयीचा एकच उचलायचा, हा पुरावा नव्हे. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचाही असाच वापर होतो, प्रत्यक्षात ते सूक्त उत्तर देत नाही. ही सृष्टी कुठून झाली हे कोणाला ठाऊक, असे ते प्रामाणिकपणे विचारते.

मथळ्यावरून मत बनवणे

जेम्स वेब दुर्बिणीला आरंभीच्या अवस्थेनंतर अवघ्या ३० कोटी वर्षांच्या आसपासच्या तेजस्वी दीर्घिका दिसल्या, आणि ‘महास्फोट झालाच नाही’ असे मथळे आले. प्रश्न दीर्घिका इतक्या लवकर कशा घडल्या याचा होता. प्रारण, हेलियम आणि प्रसरण यांना त्याने धक्का लागत नाही. नवा दावा या तिन्हींचे स्पष्टीकरण देतो का, हे आधी पाहावे.

उलट दिशेचा उतावळेपणाही तितकाच घातक असतो. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ च्या गटाने पार्श्वभूमी प्रारणाच्या ध्रुवीकरणात (लहरींच्या कंपनाच्या दिशेत) आद्य गुरुत्वीय लहरींची, म्हणजे पहिल्या क्षणातल्या अतिवेगवान प्रसरणात अंतराळात उठलेल्या तरंगांची, खूण सापडल्याचे जाहीर केले. निरीक्षण एकाच वारंवारितेवरचे होते, आणि २०१५ मध्ये प्लँक उपग्रहाच्या माहितीसह केलेल्या संयुक्त विश्लेषणानंतर तो दावा टिकला नाही, कारण त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाकडूनही ही खूण मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. ती वेधशाळा कृष्णविवरांच्या आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतल्या लहरींसाठी आहे आणि आद्य लहरी तिच्या आवाक्याबाहेर क्षीण असाव्यात. ती खूण ध्रुवीकरणातच, अनेक वारंवारितांवर मोजून आणि धुळीचा वाटा वेगळा काढून शोधावी लागेल. ती सापडली, तर पहिल्या क्षणातल्या अतिवेगवान प्रसरणाला मोठा आधार मिळेल; त्या प्रसरणाच्या आधी काय होते, हा प्रश्न तिने सुटणार नाही.