वाळवंटी गावात बागेची कंत्राटे घेताना: कोचेला खोऱ्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

दक्षिण कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात, म्हणजे पाम स्प्रिंग्जपासून इंडिओपर्यंतच्या वाळवंटी गावांच्या पट्ट्यात, मी २०११ पासून परवानाधारक लँडस्केप कंत्राटदार म्हणून काम करीत आहे. कृषी पदवी घेतलेली किंवा नर्सरीचा अनुभव असलेली आपली मंडळी इकडे आली, की बहुतेकदा एकच प्रश्न विचारतात: छोटी कामे लगेच सुरू करावीत आणि परवान्याचे पुढे पाहावे, असे चालेल का? माझे उत्तर ठामपणे नाही असे असते.

राज्याच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय घेता येणाऱ्या बांधणीच्या कामाची मर्यादा पूर्वी ५०० डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती १,००० डॉलर झाली आहे. त्या रकमेत मजुरी आणि सामान दोन्ही धरले जाते, कामाला नगरपालिकेची परवानगी लागत असेल किंवा हाताखाली माणूस ठेवला असेल तर ही सूटही मिळत नाही, आणि मोठ्या कामाचे तुकडे करून वेगवेगळी बिले लावणे बेकायदेशीर आहे. याहून गंभीर गोष्ट अशी, की विनापरवाना केलेल्या कामाचे पैसे ग्राहकाने बुडवले तर तुम्हाला न्यायालयात दाद मागता येत नाही. उलट दिलेले सगळे पैसे परत मागण्याचा हक्क त्याला असतो, मग काम कितीही उत्तम झालेले असो.

लँडस्केपिंगच्या परवान्याचा वर्ग सी-२७ आहे. तो मिळवण्यासाठी गेल्या दहा वर्षांतील किमान चार वर्षांचा, स्वतंत्रपणे काम करू शकणाऱ्या कारागिराच्या पातळीवरचा अनुभव दाखवावा लागतो. संबंधित शिक्षणाबद्दल जास्तीत जास्त तीन वर्षांची सूट मिळू शकते, पण भारतातील पदवीचे मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि एक वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव कोणालाही चुकत नाही. हा अनुभव तुमचे काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने सहीनिशी प्रमाणित करायचा असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, जागा, केलेले काम आणि मुकादमाचे नाव लिहीत जा. चार वर्षांनी आठवणीवर विसंबून अर्ज भरणाऱ्यांची किती ओढाताण होते, हे मी पाहिले आहे. त्यानंतर कायदा व व्यवसाय यांची एक आणि प्रत्यक्ष कामाची एक अशा दोन परीक्षा, बोटांचे ठसे आणि २५,००० डॉलरचा हमी बाँड लागतो. हा बाँड म्हणजे अनामत रक्कम नव्हे. तुम्ही हमी देणाऱ्या कंपनीला फक्त हप्ता भरता. मात्र परवाना मिळाला म्हणून अमेरिकेत काम करण्याचा हक्क मिळत नाही. एच-१बी व्हिसावर असलेल्याने हा जोडधंदा मनातही आणू नये.

पहिल्याच वर्षी मी एका ग्राहकाकडून सांगलीकडच्या रीतीप्रमाणे अर्धी रक्कम आगाऊ घेतली आणि त्यानेच मला कायदा दाखवल्यावर ती परत केली. घराच्या कामात आगाऊ रक्कम कराराच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते, आणि पुढचे पैसेही झालेल्या कामापेक्षा पुढे जाऊन मागता येत नाहीत. त्यामुळे पाइप, व्हॉल्व्ह आणि रोपे यांच्यासाठी स्वतःचे खेळते भांडवल आधीच उभे करा.

झाडांच्या बाबतीत तुम्हाला परकेपणा कमी वाटेल. येथील घायपात, निवडुंग, बोगनवेल आणि कुंपणाची कण्हेर तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. आपण उपटून टाकतो ती घाणेरी येथे नर्सरीत लँटाना म्हणून विकत मिळते, मेस्किट हा आपल्या वेड्या बाभळीचा भाऊबंद आहे, आणि उन्हाळ्यातील बर्म्युडा हिरवळ म्हणजे आपली हरळीच होय. जमिनीवर पसरायचे डीजी, म्हणजे झिजलेल्या ग्रॅनाइट खडकाचा चुरा, हे मुरमासारखे असते.

पाणी मात्र नव्याने शिकावे लागते. खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम तीन ते सहा इंच पाऊस पडतो आणि कालव्याने येणारे कोलोरॅडो नदीचे पाणी खारट आहे. कृष्णाकाठी जमीन क्षारपड होते ती अतिपाण्याने आणि निचरा नसल्याने. येथे मात्र रोज थोडे थोडे पाणी दिल्याने ते उडून जाते आणि खार मुळांपाशी साचतो. म्हणून ठिबक लावल्यावरही पाणी कमी वेळा, पण खोलवर द्यावे आणि झाडांचा व्हॉल्व्ह झुडपांच्या व्हॉल्व्हपासून वेगळा ठेवावा. एका व्हॉल्व्हवर सगळे जोडण्याची चूक बिघडलेल्या बागांत मला पुन्हा पुन्हा दिसते. हिरवळ काढून वाळवंटी बाग करणाऱ्या घरमालकांना येथील पाणीसंस्था अनुदान देतात, पण हिरवळ उखडण्याआधीच मंजुरी घ्यावी लागते. ग्राहक घाई करीत असला तरी मंजुरीशिवाय फावडे लावू नका. केवळ शोभेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी देण्यावर राज्याने २०२३ मध्ये बंदीचा कायदा केला असून ती सरकारी जागांना २०२७, व्यापारी व औद्योगिक जागांना २०२८ आणि गृहसंस्थांच्या सामाईक जागांना २०२९ पासून लागू होत आहे. पुढची अनेक वर्षे काम येथूनच येणार आहे.

खोदण्याआधी किमान दोन कामाचे दिवस ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्या. तणनाशक फवारायचे असेल तर कीटकनाशक खात्याचे वेगळे प्रमाणपत्र लागते.

आता उन्हाविषयी, आणि हे मी सर्वांत जास्त कळकळीने सांगतो. ५ जुलै २०२४ रोजी पाम स्प्रिंग्जमध्ये १२४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. विदर्भातला उन्हाळा काढलेल्या माणसालाही येथील कोरड्या हवेत घाम जाणवत नाही, कारण तो लगेच उडून जातो. माझ्याकडे एका जूनमध्ये नवा लागलेला मुलगा चौथ्याच दिवशी चर खोदताना कोसळला. सावलीचा तंबू मी दूर गाडीपाशी उभारला होता, आणि ती चूक माझी होती. तो बरा झाला, पण त्या दुपारची धास्ती माझ्या मनातून गेलेली नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येकाला तासाला सुमारे एक लिटर पाणी, ८० अंश फॅरनहाइटला सावली, ९५ अंशांना अधिक कडक खबरदारी आणि नव्या माणसावर पहिले चौदा दिवस बारीक लक्ष आवश्यक आहे. मी उन्हाळ्यात नगरपालिकेने कामासाठी ठरवलेल्या वेळेत बसेल तितक्या पहाटे काम सुरू करतो आणि दुपार होण्याआधी थांबवतो. माझे बहुतेक कामगार मेक्सिकन वंशाचे आहेत. चक्कर, मळमळ, डोकेदुखी यांचे स्पॅनिश शब्द पाठ करा, कारण आजारी माणूस ते त्याच्याच भाषेत सांगतो.

शक्य असेल तर सप्टेंबरच्या अखेरीस या. तेव्हा हिवाळ्यातील हिरवळीसाठी हरळी खरवडून तीवर राय गवताचे बी टाकण्याचा हंगाम सुरू होतो, परवानाधारक कंत्राटदारांना माणसांची निकड असते, आणि तुमच्या शरीराला पुढच्या जूनपर्यंत हळूहळू तयार होण्यासाठी आठ महिने मिळतात.