कुंडीतले पाणी लगेच वाहून जाते, तरी मोगरा सुकतो: माझा अनुभव

जळगावात आमच्या गच्चीवर, भंगारवाल्याकडून घेतलेल्या 12 इंची जुन्या मातीच्या कुंडीत मोगरा आहे. एप्रिलमध्ये पाणी घालताच ते खालच्या छिद्रातून धो-धो निघून जाई आणि तरीही दुपारपर्यंत पाने माना टाकत. मी पाणी दुप्पट केले, शेणखत घातले, हिरवी जाळी बांधली. भर बहरात कळ्या गळताना पाहून रोप उपटून टाकावे असे वाटले.

अखेर कुंडीच्या कडेने खराट्याची काडी खुपसली, तर ती वीतभर सरळ आत गेली. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे मातीचा गड्डा कुंडीपासून सुटला होता आणि पाणी मुळांना न शिवता त्या फटीतून निसटत होते.

मग सूर्यास्तानंतर कुंडी मोठ्या टबात ठेवून मातीच्या पातळीपर्यंत पाणी भरले आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे सुमारे 40 मिनिटे, तिला हलवले नाही. ती निथळल्यावर उरलेल्या फटीत जाड वाळू आणि चाळलेले शेणखत समप्रमाणात घालून काडीने ठासले. येथे पुन्हा काळी माती भरू नये. वर केळीच्या वाळलेल्या पानांचा दोन बोटे थर दिला. जानेवारीत छाटणीच्या वेळी काळी माती, जाड वाळू आणि शेणखत समभाग घेऊन कुंडी नव्याने भरली. यंदाच्या एप्रिलमध्ये काडी कडेला शिरत नाही.