पाण्याकाठचं शहर जलरंगात उतरवताना या चुका टाळा

पहिली चूक ब्रश हातात घेण्याआधीच होते. नक्कल करायला म्हणून सगळ्यात गजबजलेलं चित्र निवडलं जातं आणि खिडक्या, कमानी, नावा काढता काढता रेखाटनातच दम संपतो. त्यापेक्षा इंग्लिश चित्रकार टर्नरचं १८१९ मधलं व्हेनिस घ्या. सान जॉर्जो माज्जोरे हे चर्च पहाटेच्या उजेडात दिसतं, ते जलरंगातलं चित्र. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे, आकाराने साधारण ए-फोर कागदाएवढं. म्हणजे तेवढ्याच कागदावर उतरवता येतं.

हे चित्र नीट पाहिलं की कळतं, चर्च आणि मनोरा म्हणजे निळसर राखाडी रंगाचे पातळ वॉश, म्हणजे पाणी घालून पसरवलेल्या रंगाचे थर आहेत. तपशील जवळजवळ नाहीच. शिकणारा मात्र तिथे खांब कोरत बसतो, कारण चर्चला खांब असतात हे त्याला ठाऊक असतं! डोळे किलकिले करून बघा आणि जे दिसेनासं होतं ते काढूच नका. आधी पेन्सिलीने अंगठ्याएवढ्या चौकटीत तीनच टोन, म्हणजे गडद-फिकेपणाच्या पायऱ्या, मांडा: आकाश-पाणी, इमारती, नावा.

राखाडी रंग काळ्या ट्यूबमधून काढू नका, मळकट दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की उबदार किंवा थंड, हवा तसा राखाडी मिळतो. पांढरा रंगही बाजूला ठेवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोस्टर कलर वापरलेल्यांचा हात आपसूक पांढऱ्याकडे जातो. इथे उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. शिवाय जलरंग वाळला की फिका पडतो. ओला असताना अगदी बरोबर वाटलेला टोन दुसऱ्या दिवशी मिळमिळीत दिसतो, म्हणून थोडा गडदच लावा आणि त्याच कागदाच्या कपट्यावर आधी वाळवून बघा.

सगळ्यात जास्त तक्रार आकाशाची. मध्येच कोबीच्या फुलासारखा डाग उमटतो. वॉश अर्धवट वाळलेला असताना त्याहून ओला ब्रश टेकवला की नवं पाणी रंगाला कडेला ढकलतं आणि तिथे दातेरी रेघ बसते. कागदाची चकाकी उतरू लागली की हात काढून घ्यायचा, कितीही मोह झाला तरी. डाग पडलाच तर ओल्यात खुडबुड नको. पूर्ण वाळू द्या, मग स्वच्छ ओलसर ब्रशने कड मऊ करा आणि टिपकागदाने टिपा. थॅलो निळा वापरला असेल तर तो फारसा निघत नाही, त्यामुळे आकाशात तो नकोच. मुंबई-कोकणात जुलैमध्ये वॉश वाळता वाळत नाही, नागपुरात मेमध्ये ब्रश दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत वाळलेला असतो. व्हिडिओत सांगितलेली मिनिटं विसरा, चकाकी बघा.

कागद स्वस्त असेल तर यातलं काहीच जमत नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कॉटन कागद घ्या, एका तावाचे चार तुकडे करा. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतील.

प्रतिबिंबात दोन गोष्टी चुकतात. एक, ते वस्तूच्या सरळ खाली पडतं, उजेडाच्या दिशेने तिरकं नाही. नावेची डोलकाठी डावीकडे कललेली असेल तर पाण्यातली काठीही डावीकडेच कलते. बरेच जण ती उजवीकडे नेतात. दोन, गडद वस्तूचं प्रतिबिंब सहसा थोडं उजळ असतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. समोरच्या दूरच्या काठाची रेघ पट्टीने तपासा. ती जराशी कलली तरी पाणी एका बाजूला सांडल्यासारखं वाटतं.

मोबाइलवर बघून रंग जुळवत असाल तर स्क्रीनचा नाइट मोड बंद करा, तो सगळं पिवळं करतो आणि मग आकाशही पिवळं होतं.

झालेल्या चित्रामागे पेन्सिलीने ‘टर्नरवरून’ असं लिहून ठेवा. टर्नर १८५१ मध्ये गेला, त्यामुळे कॉपीराइटची अडचण नाही. अलीकडच्या चित्रकाराचं काम उतरवलं असेल तर ते वहीतच राहू द्या, विकायला काढू नका. भारतात हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.